मुलांना हवं ते घेऊ दिलं, आणि वर्गाचा बाजार झाला

पत्र: मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात बालवर्ग चालवते. माँटेसरीचा एक वर्षाचा कोर्स करून यंदा जूनपासून वर्ग त्या पद्धतीने सुरू केला. अडीच ते सहा वयाची २४ मुलं, एक मोठी खोली, पुढे ओटा, मदतीला एक मावशी. वेळ ९ ते १२. परिपाठ, हजेरी, गोष्ट होईपर्यंत पावणेदहा वाजतात, मग साधनं, साडेदहाला डबा. सगळी साधनं खालच्या फळ्यांवर मांडली आणि मुलांना सांगितलं, हवं ते घ्या. दोन महिने झाले, रोज गोंधळ. गुलाबी मनोऱ्याची (गुलाबी लाकडी घनांच्या साधनाची) आगगाडी होते, तांदूळ खोलीभर सांडतात. साडेचार वर्षांचे दोघे नुसते फिरतात आणि दुसऱ्यांचं मोडतात. दहा-सव्वादहाला इतका आवाज होतो की मी घंटा वाजवून सगळ्यांना गाण्यांना बसवते. एक मुलगी पंधरा दिवस फक्त पाणी ओततेय. पालक विचारतात, वहीत काहीच कसं नाही? मुलांना किती मोकळं सोडायचं? की ही पद्धत आपल्याकडे चालतच नाही?

ताई, सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो फार पूर्वीच सुटला आहे. माँटेसरी पद्धत आपल्याकडे रुजवणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. १९४५ मध्ये ताराबाई आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या कामात आल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांबरोबर हेच काम झालं. महागडी लाकडी साधनं परवडत नव्हती तिथे शंख-शिंपले, बिया, खडे, पानं आली. मुलं शाळेपर्यंत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामातून आला. तुमच्याकडे पक्की खोली आहे, ओटा आहे, मावशी आहेत. पद्धत चालेल.

अडचण तुमच्या एका वाक्यात आहे: ‘हवं ते घ्या.’ जूनमध्ये नव्याने आलेल्या मुलाला त्या फळीवर काय दिसतं? गुलाबी लाकडं. ती कशासाठी आहेत ते त्याला कोणी दाखवलेलं नाही, म्हणून त्याला जे ठाऊक आहे ते तो करतो. रांग लावतो आणि झुकझुक करत ढकलतो. यात त्याचा दोष नाही. जे माहीतच नाही ते ‘हवं’ कसं होणार?

रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत १९०७ च्या जानेवारीत माँटेसरींचं पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं, तेव्हा साधनं कपाटात कुलूपबंद असत आणि बाई ती काढून वाटत. एके दिवशी कपाटाला कुलूप लावायचं राहिलं. बाई आल्या तर मुलांनी आपापलं साधन काढून काम सुरू केलेलं. बाईंना ती चोरी वाटली. ही पद्धत काढणाऱ्या मारिया माँटेसरींनी त्यातून वेगळं ओळखलं: मुलांचा साधनांशी इतका परिचय झाला होता की आता ती आपलं काम आपण निवडू शकत होती. बुटकी, उघडी कपाटं त्यानंतर आली. आधी ओळख झाली, मग कपाट उघडलं, हा क्रम फार महत्त्वाचा आहे. तुमच्याकडे तो उलटा झाला, एवढंच.

तेव्हा येत्या शनिवारी दुपारी मावशींना थांबवून घ्या आणि फळ्या रिकाम्या करा. जे साधन अजून एकाही मुलाला नीट दाखवलेलं नाही ते कपाटात जाऊ दे. जीव तुटेल, पैसे घालून आणलेली साधनं आहेत. तरीही ठेवा.

मग सोमवारी काय असेल? दोन तऱ्हेची कामं. पहिली, दाखवावी न लागणारी: मोठे मणी आणि दोरी, चार ते सहा तुकड्यांची चित्रकोडी, पाटी-खडू, चित्रांची पुस्तकं, ओली माती. यांचे एकाहून अधिक संच चालतात, कारण ही तात्पुरती सोय आहे. दुसरी, रोजच्या व्यवहाराची: ओतणं, चमच्याने दाणे हलवणं, रुमालाच्या घड्या, बटणपट्टी, टेबल पुसणं, झाडांना पाणी, मटार किंवा शेंगा सोलणं. अशी आठ-दहा कामं, प्रत्येक एकच. दोन्ही मिळून ३० जागी काम असावं. मुलं २४ असली तरी शेवटी येणाऱ्याच्या पुढ्यात उरलंसुरलं एकच काम राहिलं तर त्याला निवड कसली? जसजशी दुसऱ्या तऱ्हेची कामं दाखवून होतील, तसतशी पहिल्या तऱ्हेची एकेक काढून घ्या.

प्रत्येक साधन एकच का, असं मावशी विचारतील. दुसऱ्याच्या हातातलं हवं असेल तर वाट बघावी लागते, आणि वाट बघता बघता मूल दुसऱ्याचं काम डोळ्यांनी शिकून घेतं. तेच साधन चार ठेवलं की वाट बघायचं कारण संपतं आणि एकामागोमाग चौघं तेच उपसतात.

आता तांदळाचं. तुमच्या ओतण्याच्या ट्रेमध्ये तांदूळ आहेत, आणि खोलीभर सांडण्याचं मूळ तिथेच आहे. सांडलेला तांदळाचा दाणा तीन वर्षांच्या चिमटीत सहज येत नाही. मूल दोन-चार दाणे उचलतं, कंटाळतं आणि उठतं. मग मावशी केरसुणी घेऊन येतात, म्हणजे काम मुलाचं आणि निस्तरणं मोठ्यांचं. सुरुवातीला राजमा घ्या. पडला की टण्णकन आवाज येतो, लांबून दिसतो, दोन बोटांत सहज उचलता येतो. तो जमला की मूग, मग पाणी. एक काळजी: जे मूल अजून दाणे तोंडात-नाकात घालतं त्याच्या हाती दाणे देऊच नका. त्याला थेट पाणीच ओतायला द्या.

ट्रे असा लावा. मुलाच्या खांद्यांइतका रुंद, दोन्ही बाजूंनी धरता येणारा. त्यात चोचीचे, कान असलेले दोन सारखे छोटे मग. स्टील किंवा चिनी मातीचे घ्या, कारण प्लॅस्टिकचा मग आपटला तरी काही सांगत नाही. उजव्या मगमध्ये निम्म्याहून थोडा जास्त राजमा, डावा रिकामा. सांडलेले दाणे ठेवायला एक वाटी. बस्स. चित्रं, चमकी, रंगीत कागद काही नको.

दाखवायचं कसं, हे कोर्समध्ये झालं असेलच, पण वर्गात बिघडतं ते इथेच, म्हणून सविस्तर लिहितो. मुलाजवळ जाऊन हळू विचारा, ‘तुला एक दाखवू?’ नाही म्हणालं तर आग्रह नाही. हो म्हणालं तर फळीपाशी जोडीने जा. अंगठे वर, बोटं खाली ठेवून ट्रे उचला, परत ठेवा, आणि त्याला उचलायला द्या. टेबलाशी तुम्ही त्याच्या उजव्या हाताला बसा, म्हणजे तुमचा हात त्याच्या नजरेआड येणार नाही. मगचा कान तीन बोटांत धरा. डाव्या हाताच्या दोन बोटांचा पुढून आधार. मग वर उचला, चोच दुसऱ्या मगच्या मधोमध आणा, आणि थांबा. एक क्षणभर नुसतं थांबा, मुलाचे डोळे तिथे पोचू द्या. मग सावकाश ओता. शेवटचा दाणा पडेपर्यंत मग सरळ करू नका. आत डोकावून बघा, रिकामा झालाय ना. ट्रेमध्ये दाणा पडला असेल तर चिमटीत उचलून वाटीत टाका. नसेल पडला तर पहिल्या वेळी मुद्दाम एक पाडा. परत उलटं ओता. ‘आता तू?’ आणि उठून जा.

या सगळ्यात बोलायचं जवळजवळ नाही. ‘बघ हं, असं धरायचं, सांडायचं नाही हं’ म्हणत दाखवलं की मूल तुमच्या तोंडाकडे बघतं आणि हात काय करताहेत ते निसटतं. सांगायचं असेल तर हात थांबवून सांगा. आणि एक फार कळकळीची विनंती. मूल ओतण्यात बुडालेलं असताना ‘शाब्बास!’ म्हणू नका. ते मान वर करतं, तुमच्याकडे बघून हसतं, आणि तंद्री मोडते. पुढच्या वेळी ते ओतून झालं की लगेच तुम्हाला शोधतं.

असं एक दाखवणं तीन ते पाच मिनिटांचं. रोज आठ-नऊ होतात. शाळेचे १५ दिवस धरले तर १२० ते १३५, म्हणजे तीन आठवड्यांत प्रत्येक मुलाला पाचेक कामं हक्काची झाली. कोणाला काय दाखवलं ते तारखेसह लिहून ठेवा. नाहीतर पुढे पुढे करणाऱ्या मुलांना दहा आणि गप्प बसणाऱ्यांना एक असं होतं, आणि आपल्या लक्षातही येत नाही. काही गोष्टी मात्र रोज पाच मिनिटं सगळ्यांना मिळून दाखवा: चटईची गुंडाळी कशी उलगडायची, पसरलेल्या चटईच्या कडेने कसं जायचं, खुर्ची आवाज न करता आत कशी सरकवायची, बाई कामात असतील तर खांद्यावर हात ठेवून कसं थांबायचं. चटई साधारण ३ फूट बाय ४ फूट पुरे. ती मुलाची हद्द. दुसऱ्याच्या हद्दीत विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही, हा नियम मुलांना बोलून समजत नाही, चटईच्या कडेने चालून समजतो.

तुम्ही विचारलंत, किती मोकळं सोडायचं. मुलाला जेवढं दाखवून झालं आहे तेवढ्यात पूर्ण मोकळं: कोणतं काम, किती वेळ, कुठे बसून, एकट्याने की शेजारी बसून, कितीदा. कोणाला लागेल असं वागायचं नाही, वस्तू मोडायची नाही, दुसऱ्याच्या हातातलं काम घ्यायचं नाही, आणि झालेलं काम जागेवर ठेवायचं, यात मोकळीक नाही. तीन आठवड्यांनी ज्याला पाच कामं येतात त्याचं मोकळेपण पाच कामांएवढं, दिवाळीत तीस कामांएवढं.

घड्याळाकडे येऊ. तुमच्या वर्गात साधनांना फक्त पाऊण तास मिळतो आणि तोही दोन घंटांच्या मध्ये. हे बदलल्याशिवाय बाकीचं काही टिकणार नाही. परिपाठ नऊला नको, साडेअकराला घ्या. नऊ वाजता मूल आलं, चप्पल जागेवर ठेवली, तुम्ही नाव घेऊन हात हातात घेतला, की थेट काम. हजेरी तुम्ही मनात घ्या. डब्यासाठी सगळ्यांना एकदम उठवू नका. कोपऱ्यात दोन खुर्च्यांचं छोटं टेबल ठेवा. भूक लागेल त्याने डबा आणावा, खावा, टेबल पुसावं, वाटी-चमचा विसळावा. खुर्च्या भरलेल्या असतील तर थांबावं. डबा खाणं हेही कामच झालं. असे नऊ ते साडेअकरा, अडीच तास सलग मिळतात.

दहा-सव्वादहाच्या आवाजाची तुम्हाला भीती वाटते, पण तो फार जुना पाहुणा आहे. माँटेसरींनी वर्गातल्या कामाचे आलेखच काढले होते. नऊला आलेली मुलं आधी सोपं, सवयीचं काम करतात. दहाच्या सुमारास एक अस्वस्थता येते, हालचाल वाढते, गलका होतो. बघणाऱ्याला वाटतं मुलं दमली. त्यांनी याला खोटा थकवा म्हटलं, कारण तिथे हात न घातलेल्या वर्गात मुलं यानंतरच त्या दिवसाचं सर्वांत अवघड काम उचलतात आणि त्यात सर्वांत जास्त वेळ रमतात. तुम्ही नेमकी त्याच वेळी घंटा वाजवता. चढ चढून झाला, की खाली उतरवता. दोन महिन्यांत तुमच्या वर्गाने वरचं पठार पाहिलेलंच नाही.

मग त्या वेळी करायचं काय? आवाज चढवायचा नाही, उलट खाली आणायचा. उभ्याने फिरण्याऐवजी खाली बसा. खोलीत एक मोठं माणूस शांत बसलेलं असलं की निम्मा फरक पडतो. धोक्याचं किंवा मोडतोडीचं चाललंय तिथेच उठा. बाकी दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. पहिल्या महिन्यात आपोआप निवळणार नाही, हेही सांगून ठेवतो. तेव्हा जी पाच-सहा मुलं अगदीच सुटली असतील तेवढ्यांनाच मावशी ओट्यावर नेतील आणि खडूने काढलेल्या लंबगोल रेषेवर चालायला लावतील: एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, मग हातात पाण्याने भरलेला पेला, मग न वाजवता घंटी. आत जे कामात आहेत त्यांना उठवायचं नाही. चौदा मुलं काम करत असताना दहांसाठी सगळा वर्ग थांबवला, तर त्या चौदांना कळतं की कामाची इथे किंमत नाही.

आगगाडीचा प्रश्न तुमच्यासारख्या मन लावून काम करणाऱ्या प्रत्येक ताईला छळतो, कारण मोडावं तर मुलाची कल्पनाशक्ती मारल्यासारखं वाटतं. मनोरा कशासाठी आहे ते बघा. दहा घन, सर्वांत मोठा १० सेंमीचा, प्रत्येक पुढचा १ सेंमीने लहान, शेवटचा १ सेंमीचा. रंग एक, आकार एक, बदलतं फक्त मोठेपण. एका वेळी एकच घन उचलून चटईवर आणायचा, म्हणजे दहा खेपा. त्या खेपांत हाताला वजन कळतं आणि पंजा ताणून धरायची सवय होते. सगळे घन एका कोपऱ्याला जुळवून रचले की प्रत्येक पायरीवर बरोबर १ सेंमीची पट्टी उरते, आणि सर्वांत छोटा घन त्या पट्टीवर नेमका बसतो. मूल तो घन पायऱ्या-पायऱ्यांनी वर नेतं आणि आपलं बरोबर आहे का ते स्वतः तपासतं. तुम्ही सांगायची गरजच नसते.

यावरून ठरवा. आडवा मनोरा, तिरका मनोरा, तपकिरी जिन्याला (जाडी बदलत जाणाऱ्या तपकिरी लाकडी ठोकळ्यांना) जोडून केलेली रचना, डोळे झाकून रचणं, हे सगळं चालू द्या, कारण त्यात मूल मोठं-लहानच शोधतंय. फरशीवर घन ढकलण्यात ते नाही. तिथे जा, घनावर हात ठेवा, शांतपणे म्हणा, ‘हे ढकलायचे नाहीत. चल, जागेवर ठेवू,’ आणि जोडीने ठेवा. भाषण नाही, रागावणं नाही, ‘किती वेळा सांगितलं’ नाही. त्यानंतर लगेच त्याला ढकलायची सोय द्या: ओट्यावर पाण्याची छोटी बादली न्यायची आहे, चटयांची टोपली सरकवायची आहे. ढकलायची भूक खरी आहे, मनोरा त्यासाठी नाही. आणि रोज बारा वाजता सर्वांत छोटा घन मोजून घ्या. तो हरवला की मनोरा गेला. मुलाची चूक मुलाला दाखवणारं साधन नऊ घनांत काहीच दाखवत नाही.

फिरणाऱ्या दोघांबद्दल निर्णय घेण्याआधी पाच दिवस फक्त लिहा. दहा ते सव्वादहा एका खुर्चीवर बसा, मावशींना सांगून ठेवा की या वेळात ताई उठणार नाहीत. मुलांच्या नावांपुढे दर पाच मिनिटांनी एक अक्षर: क म्हणजे कामात, ब म्हणजे दुसऱ्याचं बघतोय, भ म्हणजे भटकतोय, म म्हणजे मोडतोड. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण ज्याला आपण भटक्या म्हणतो त्याच्यापुढे बरेचदा ‘ब’ जास्त पडतात. बघणारा थांबतो, वाकतो, डोळे हातांवर असतात. त्याला मुळीच हलवू नका. तो शिकतोय, आणि उद्या तेच काम मागेल. खरा भटकणारा कुठेही पाच सेकंदांहून जास्त टिकत नाही, डोळे दाराकडे किंवा तुमच्याकडे.

त्याला ‘जा, काहीतरी घे’ म्हणून उपयोग नाही. दोनच पर्याय द्या: ‘झाडांना पाणी घालतोस, की टेबल धुतोस?’ साडेचार वर्षांच्या आडदांड मुलाला टेबल धुण्याइतकं दुसरं औषध नाही. त्यात तीसेक पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला शरीर लागतं. प्लॅस्टिकचा एप्रन घालायचा, खाली सतरंजीचा तुकडा अंथरायचा, बादलीत खुणेपर्यंतच पाणी आणायचं, आणि ती खूण त्याला एका हाताने पेलवेल एवढीच असू दे. स्पंज भिजवून पिळायचा, टेबल डावीकडून उजवीकडे ओलं करायचं, ब्रशला साबण लावून गोल गोल घासायचं, स्पंजने साबण पुसायचा, कोरड्या फडक्याने कोरडं करायचं, घाण पाणी नेऊन ओतायचं, बादली पुसायची, फडकं वाळत टाकायचं. अर्धा-पाऊण तास जातो. चुकतं कुठे? बादली भरून दिली की पहिल्याच खेपेला पाणी सांडतं आणि आपण ‘जाऊ दे, नंतर’ म्हणतो. किंवा टेबल मुळात स्वच्छ आहे म्हणून आपल्याला ते निरर्थक वाटतं आणि आपण मध्येच थांबवतो. त्याला टेबलाच्या स्वच्छतेशी फारसं देणंघेणं नाही. एका हेतूने बांधलेली लांबलचक हालचाल त्याला हवी आहे. आणि दोघांना जोडीने देऊ नका. एकाला टेबल, दुसऱ्याला बाहेर ओटा झाडायला.

ज्या दिवशी काहीच लागू पडत नाही त्या दिवशी त्याचा हात धरा आणि म्हणा, ‘आज तू माझ्याबरोबर.’ तुम्ही जिथे बसाल तिथे तो शेजारी. ही शिक्षा म्हणून सांगू नका, आणि मनातही तशी नसू द्या. तुमच्या शेजारी बसून तो पाच-सहा साधनं बघतो, आणि बहुतेकदा त्यातलंच एखादं घेऊन उठतो.

पाणी ओतणाऱ्या मुलीला तर आधी सोडून द्या. माँटेसरींनी सान लोरेन्झोत तीनेक वर्षांची एक मुलगी पाहिली होती. लाकडी ठोकळ्यातले दट्टे काढायची, मिसळायची, परत आपापल्या भोकात बसवायची. सलग चाळीसहून जास्त वेळा. आजूबाजूला मुलांना गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं थांबलं नाही. मग आपणहून थांबली, आणि चेहरा ताजातवाना. तुमच्या मुलीचा चेहरा बघा. ओतताना ओठ मिटलेले, नजर धारेवर, संपल्यावर समाधान, आणि हात दिवसेंदिवस स्थिर, असं असेल तर पंधरा काय, पंचवीस दिवस करू दे. नजर इकडेतिकडे आणि हात सैल असेल तर ती त्या कामाआड लपली आहे, नवीन काही घ्यायला बिचकतेय. तेव्हा तेच काम एक पायरी वर न्या. एका तांब्यातून तीन पेल्यांत सारखं, मग पेल्याला रंगीत रेघ लावून रेघेपर्यंत, मग नरसाळ्यातून बाटलीत, मग त्या बाटलीने तुळशीला. पाणी तेच, त्यामुळे भीती नाही.

राहिले पालक आणि वही. वही भरून दाखवायची म्हणून तीन वर्षांच्या हाती पेन्सिल देऊ नका. पण अक्षरं थांबवायचीही गरज नाही, ती कागदावर न जाता हातात जातात. गुळगुळीत पुठ्ठ्यावर बारीक दाण्याच्या पॉलिश पेपरची अक्षरं चिकटवा. भरड घेतलात तर मूल दुसऱ्यांदा बोट फिरवत नाही. तर्जनी आणि मधलं बोट जोडून, लिहिण्याच्या दिशेने फिरवायचं आणि उच्चार करायचा. एका वेळी दोन किंवा तीनच अक्षरं, आणि ती दिसायला व ऐकायला एकमेकांपासून लांबची: म, र, त. आधी ‘हा म’. मग ‘म कुठे? र मला दे.’ शेवटी बोट ठेवून ‘हा कोणता?’ दुसऱ्या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ रेंगाळा. आपण घाईने तिसरा विचारतो आणि मूल गडबडतं. गडबडलं तर सुधारू नका, हसून साधन ठेवा, उद्या परत. घ-ध, भ-म या जोड्या अगदी शेवटी.

देवनागरीत आपलं एक मोठं नशीब आहे: अक्षराचं नाव आणि उच्चार एकच. म, र, त, न, क, ग एवढी झाली की सुटी अक्षरं ठेवून मूल ‘मगर’ मांडतं, ‘नगर’ मांडतं. काना आला की ‘काका’, ‘मामा’. दुसरी वेलांटी आली की ‘काकी’, ‘मामी’. पहिल्या वेलांटीशी मात्र प्रत्येक मूल अडतं. ते ती अक्षराच्या नंतर ठेवतं. बरोबरच आहे, कानाला ती नंतरच ऐकू येते! चूक म्हणू नका. ‘ऐकू नंतर येते, बसते आधी’ एवढं सांगून तिला उचलून पुढे ठेवा. आकड्यांतही असाच एक अडथळा भाषेचा आहे. आपण ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी ऐकतो, आणि मूल ७२ लिहितं. दोन दहाच्या माळा आणि सात सुटे मणी हाताने आणून ठेवले, की मग २७ लिहिताना घोटाळा कमी होतो. पाच वर्षांच्यांना हे दिवाळीनंतर.

पालकांना हे समजावून सांगण्यापेक्षा दाखवा. सप्टेंबरपासून आठवड्यातून दोन दिवस, एका वेळी दोनच पालक, वीस मिनिटं, कोपऱ्यातल्या खुर्चीवर. आपल्या मुलाशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, फोन बाहेर. आत्ता बोलावू नका, आधी वर्ग बसू दे. घरचा अभ्यास मागतातच, तर द्या: मटार सोलणं, चार रुमालांच्या घड्या, ताटं मांडणं, आपल्या शर्टाची बटणं आपण लावणं. पेन्सिल धरणारी तीन बोटं याच कामांत तयार होतात, हे त्यांना एका वाक्यात लिहून पाठवा.

क-ब-भ-म ची ती वही तीन आठवडे चालवा, एकही दिवस न गाळता. साडेदहा ते अकराच्या रकान्यातही काही दिवस खुणा करा. तिथे ‘क’ वाढू लागले नाहीत तर ती पानं आम्हाला पाठवा, सोबत त्या दिवशी फळीवर काय काय होतं याची यादी. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.